खिडकी खाली आणण्याची मोहीम

२ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून देशसेवा. कोराडीच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर होऊन आठ महिने झाले, एनर्जी नुसती वाया चालली होती. विषयही चालून आला. शेजारचे हवालदार ताराचंदजी. एक पाय सीमेवर गेला, आता नकली पाय. माजी सैनिकांना घरटॅक्समध्ये सवलत आहे, पण फॉर्मवर सही करायला दरवर्षी स्वतः महापालिकेच्या झोन ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी जावं लागतं. लिफ्ट नाही. ताराचंदजी म्हणाले, "बाकी काही नको गा शरदभाऊ, ते खिडकी तेवढी खाली आणून द्या. जिना चढलो का मांडीले फोड येते." दीड महिन्यात आणतो म्हणालो. किरकोळ काम आहे.

५ जानेवारी
'माजी सैनिक सन्मान कृती समिती' स्थापन. अध्यक्ष मी, एकमताने. (अरुंधती आत पोहे करत होती. तिचं मत गृहीत धरलं.)

८ जानेवारी
निवेदन तयार. चौदा मागण्या! चौकाला नाव, कमान, रणगाडा (जुना चालेल). खिडकी अकराव्या नंबरवर. अरुंधती म्हणाली, "खिडकी पहिली टाका ना, काहून लपवून राहिले?" बायकोला ड्राफ्टिंग कळत नाही. आधी रणगाडा मागितला की साहेब घाबरून खिडकी देऊन टाकतो.

११ जानेवारी
बर्डीच्या बाजारातून मिलिटरी रंगाची टोपी आणली. निवेदन देताना वजन पडावं म्हणून. पडलं! झोन ऑफिसच्या मोनाली मॅडम चक्क उठून उभ्या राहिल्या. फोटो सात. दोनांत पोट आत आहे.

१९ जानेवारी
विजय!! मोनाली मॅडमचा फोन. २६ जानेवारीला झोन ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये माजी सैनिकाचा सत्कार. सत्कारमूर्ती मी! टोपी आणि समितीचं नाव यामुळे त्यांचा जरासा गैरसमज झालेला दिसतो. उद्या दुरुस्त करतो.

२० जानेवारी
फोन बिझी.

२१ जानेवारी
सर्दी. अशा आवाजात खुलासा शोभत नाही.

२३ जानेवारी
पत्रिका छापून आल्या. आता सांगणं म्हणजे सरकारी कागदाची नासाडी. शिवाय शाळेत मी एनसीसीत होतोच. (दीड महिना. बूट चावायचे.) अरुंधती म्हणाली, "मले त लाज येऊन राहिली." ताराचंदजींना घाबरत घाबरत सांगितलं तर पोट धरून हसले. म्हणाले, "जा गा, घ्या शाल. पण माईकवर खिडकीचं बोला." काय मोठं मन! भाषणाची तयारी रात्रीपर्यंत.

२६ जानेवारी, दुपारी ३
काय दिवस! ताराचंदजी खालीच बाकावर बसले. मी टोपी घालून दोन-दोन पायऱ्या एकदम चढलो. मोठे साहेब बघतच राहिले, या वयात असा स्टॅमिना म्हणाले. मी म्हणालो, सैनिकाला जिना म्हणजे काय! शाल, श्रीफळ, टाळ्या. पंचवीस मिनिटं बोललो. रणगाड्यावर जोरात आलो होतो, तेवढ्यात चहा आला आणि लोक उठले. खिडकी राहिली. हरकत नाही, लेखी दिलेलं आहेच.
खाली ताराचंदजींनी विचारलं, बोलले का? झालंच समजा म्हणालो. त्यांनी सगळ्यांदेखत मला कडक सॅल्यूट ठोकला. छाती भरून आली.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
उत्तर आलं. तेरा मागण्यांपुढे नुसतं 'नोंद घेतली'. अकरावीवर मात्र सविस्तर. तसंच उतरवतो: 'सत्कारमूर्ती माजी सैनिक दि. २६ जानेवारी रोजी दुसऱ्या मजल्यावर विनासायास चढून आल्याचे समक्ष पाहण्यात आले. सबब खिडकी तळमजल्यावर आणण्याची आवश्यकता दिसून येत नाही. मागणी निकाली.'
तीनदा वाचलं. अरुंधतीने एकदा वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं.
ताराचंदजींकडे गेलो. व्हरांड्यात पाय काढून बसले होते. पत्र वाचून दाखवलं. या वेळी हसले नाहीत. मला तोंड वर करवेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, तीसेक पायऱ्या तर आहेत, मी धरून नेईन.
"बेचाळीस आहेत," ते म्हणाले.