आईने वकिलाला सांगितलेलं

आये, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. परवा शुक्रवारी मुरबाडच्या कोर्टात दिवसभर तुझंच बोलणं चाललं होतं, म्हणून लिहायला बसलोय. ताईनं माझ्यावर जमिनीच्या वाटणीचा दावा लावलाय. तू ज्या वकिलांकडे एकदा गेली होतीस, त्यांना तिनं समन्स काढून तुझी फाइल मागवली. ते काठी टेकत आले. फाइल एका पाकिटात बंद, वर लाखेचं सील. जज्जसाहेबांना म्हणाले, "अशिलानं विश्वासानं सांगितलेलं मला उघड करता येत नाही. अशील वारलं तरी माझं तोंड बंदच. बायको म्हणते, एवढे गप्प घरी कधी बसला नाहीत." साहेब हसले आणि म्हणाले, दोन्ही वारसांनी आपलं म्हणणं द्यावं. ताईनं तिथंच पाकीट उघडायला संमती लिहून दिली. मी हरकत घेतली.

तो दिवस मला आठवतो. भात झोडून झालं होतं. तू चुलीपुढे भाकरी थापतेस आणि मान वर न करता म्हणतेस, "मला मुरबाडला वकिलाकडं ने." किन्हवलीहून आपण एसटीनं गेलो. वकिलांच्या खोलीत मी खुर्ची ओढली, तर तू म्हणालीस, "तू भायेर बस."

"आये, तुला कागदातलं काय कळतंय?"

"कळतंय तेवढंच बोलन मी."

अर्ध्या तासानं तू बाहेर आलीस. काय बोललीस म्हणून विचारलं, तर "ते तितंच ऱ्हाऊ दे. इचारू नको" म्हणालीस. तुझा तो स्वर मी लहानपणी चोरी केली तेव्हा ऐकला होता. पण स्टँडवर तू चहा घेतलास, बशीत ओतलास, फुंकर मारून माझ्यापुढे सरकवलास. मी पस्तिशीचा बाप्या, आणि तुझ्या बशीतला चहा प्यायलो.

त्याच्या महिनाभर आधी मी ताईला रजिस्ट्रार कचेरीत नेलं होतं. बापाच्या जागी आपली नावं लागतील, त्याचा कागद आहे, असं मीच तिला सांगितलं. तो हक्कसोडीचा कागद होता. तिनं वाचला नाही, भाऊ सांगतोय म्हणून सही केली. संध्याकाळी मी तिला साडी दिली. आपल्याकडे बहिणीनं हक्क सोडला की देतात तशी. तू साडी पाहिलीस आणि विचारलंस, "सही कशावर केलीस गो?" ती म्हणाली, "नावं लावायच्या कागदावर." मग तू माझ्याकडे पाहिलंस.

परवा कोर्टाच्या पायरीवर ताई मला म्हणाली, "साडीचा रंग उडाला रे, सही मात्र तशीच हाय." मी पायरी उतरायला लागलो. "आये काय तुज्या एकट्याची व्हती?" असं विचारून ती निघून गेली. माझे वकील खुशीत होते. हरकत टिकली तर तिच्याकडे दुसरा पुरावा नाही, म्हणाले. आईचं गुपित राखणं हे मुलाचं कर्तव्य आहे, असं त्यांनी माझ्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय. खाली माझी सही आहे, वाचून केलेली.

तुझ्या फोटोशेजारी बुद्धमूर्ती आहे, तिथं मी रोज सकाळी वंदना म्हणतो. प्रतिज्ञापत्र केल्यापासून चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, आवाज बसतो. बायकोला वाटतं सर्दी आहे. पाकिटात तू काय सांगून ठेवलंयस ते मी वाचलेलं नाही. वाचायची गरजही नाही. तू मला वाचवलंस की तिला, एवढंच कळत नाही, आणि दोन्हींची मला भीती वाटते.

आता एवढं लिहिल्यावर ध्यानात येतंय, हाच कागद ताईच्या हातात दिला तर तुझं पाकीट फोडायची गरजच उरत नाही. तिचं घर ओढ्यापलीकडे आहे, चालत वीस मिनिटं. पुढची तारीख मंगळवारी आहे. आज रविवार. मी अजून जागचा उठलेलो नाही.