गुहागरसारखाच समुद्र

गुरुवार संध्याकाळ, ट्रॉय (अमेरिका)

निखिलने आज इटलीच्या किनाऱ्यावरच्या गावांचे फोटो दाखवले. डोंगराला चिकटलेली पिवळी-गुलाबी घरं, खाली होड्या. देखणं आहे, खोटं कशाला लिहू. पण म्हणतो, "आई, सेम आपलं गुहागर. यंदा गणपतीत इकडेच जाऊ."

मग गुहागरच्या घरी गणपती कोण आणणार?

"एक वर्ष नाही आणला तर काय होतं?"

हे माझा मुलगा बोलला, आणि बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. मागच्या महिन्यात 'बँकेचा कागद' म्हणून माझी सही घेतली, तेव्हाही बघत नव्हता. वाचूही दिला नाही.

राहवेना. गुहागरला शेजारच्या सुलभाताईंना फोन लावला. आमचं घर बघायला कुणी आलं होतं का?

"दोनदा आले, वहिनी. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत."