नावाची मोकळी जागा

माय, तुझा आवाज परत आलाय. मला काही याड लागलं न्हाई. आपल्या गावात महिनाभर राहून बायांची गाणी टेप करून नेणारी ती गोरी बाई आठवते ना तुला? तिच्या देशातल्या एका संग्रहालयात तुझं गाणं इतकी वर्षं कपाटात पडून होतं. आता जगभरच्या आदिवासींनी एकत्र येऊन, भांडून भांडून सरकारांकडून कबूल करून घेतलंय, की आमचं जे नेलंत ते आम्हाला विचारून नेलंत का ते सांगा, नसेल तर परत द्या आणि माफी मागा. त्यामुळं तुझं गाणं माझ्या मोबाइलवर येऊन पडलं, आणि सोबत एक फॉर्म. मी कळमनुरीजवळच्या आश्रमशाळेत शिकवते, म्हणून गावानं तो माझ्याच गळ्यात मारला. त्यात एक रकाना आहे. गाणाऱ्या व्यक्तीची राजीखुशी होती का? नसल्यास जबरदस्ती कोणी केली?

तो दिवस मी किती वेळा आठवला असेन. तू ओसरीवर बसलेली, मांडीवर आपलं बाळ, समोर बाईचं ते चामड्याच्या पेटीतलं यंत्र, आणि तिचं बोलणं आपल्याला समजावून सांगायला शाळेचे गुरुजी. तिला वाटेचं गाणं पाहिजे. गेलेल्या माणसाला वाट दाखवायचं, दहाव्याला आपल्या बाया गातात ते. आधी मोहाचं झाड येतं, मग नाला, मग टेकडी, आणि दर कडव्याला गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. तू गुरुजींना म्हणतेस, "न्हाई जी, कोनी गेल्याबिगर त्याला तोंड लावत न्हाईत." आणि तरी तू गातेस. घरात नुकतं कुणी गेलेलं नसतं, म्हणून नावाच्या जागी नुसता हुंकार भरतेस. जाताना बाई मला रंगीत पेन्सिलींचा पत्र्याचा डबा देते, झाकणावर निळं तळं असलेला.

पौषात बाळाला ताप आला. बा त्याला बैलगाडीत घालून डोंगरकडा गावच्या दवाखान्याला निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. दहाव्याला बाया गायल्या, तू तोंड उघडलं न्हाईस. मग कुजबुज सुरू झाली, की हिनं नाव मोकळं सोडलं, गाण्यानं आपलं आपण नाव शोधून घेतलं. बानं तुला विचारलं, "काहून गायलीस? कोनी गायला लावलं?" मी चुलीपाशी उभी होते. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाईस. "गुरुजींनी लई गळ घातली," म्हणालीस. त्या दिवसापासून गावात गुरुजींना कुणी पाणी विचारलं न्हाई, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत ते बदली घेऊन गेले. तू परत कधी गुणगुणलीसुद्धा न्हाईस. त्या डब्यात तू मेथीचं बी ठेवायचीस, आणि मला मात्र कधी एका शब्दानं बोलली न्हाईस. बोलली असतीस तर बरं झालं असतं गं!

या महिन्यात ग्रामसभा झाली. पोरं तर पेटलीच. "ताई, तुमीच एक साक्षीदार. लिवा न, बाईनं आन् गुरुजीनं जबरदस्ती केली! माफीचं पत्र येऊ द्या, शाळेत भिंतीवर लावू." कॉम्प्युटरवर त्या संग्रहालयाची माणसं दिसली, आणि त्यांच्या शेजारी दूरच्या कुठल्या डोंगरातली आपल्यासारखीच एक म्हातारी. तिच्या आजीचं गाणं मागच्या वर्षी तिला परत मिळालं होतं. मी म्हणाले, मी तेव्हा नऊ वर्षांची होते, माझ्या डोळ्यांदेखत झालं ते. दुभाष्यानं सांगितल्यावर तिनं डोळे पुसले. मला तेव्हा काहीच वाटलं न्हाई, कारण मलाही इतकी वर्षं तसंच आठवत होतं.

मग रविवारी दार लावून तुझं गाणं ऐकलं. आधी बाळाचं हुंकारणं ऐकू येतं. जिवंत आहे ते, माय, तुझी बांगडी ओढत असणार, ती किणकिणते. मग गुरुजी म्हणतात, "बाई म्हणून राहिल्या, मन नसंल तं राहू द्या. दुसरं काही गा, जात्यावरचं गा." आणि मग एक पोरगी मधे तोंड घालते. "माय, गा न! काय होतंय? गा न वो, तवाच त्या डबा देतील!" बाईनं डबा देईन असं कुणाला म्हटलंच नव्हतं, ते माझं मीच ठरवलं होतं. तू म्हणतेस, "गप, लेकरू हाय मांडीवर." मी रडायला लागते. पुढं तुझं गाणं सुरू होतं, आणि नावाची जागा आली की बाळ हसतं. तिथं मी बंद केलं. आता भांडी घासताना, वर्गात फळा पुसताना, तो हुंकार आणि ते हसू ऐकू येऊन राहिलंय.

काल फॉर्म भरला. राजीखुशी, नव्हती. जबरदस्ती कोणी केली, लेकीनं. गुरुजींची आणि त्या बाईंची काही चूक नव्हती, हेही लिहिलं. माफीचं पत्र येणार न्हाई, पोरं माझ्यावर चिडतील, चिडू देत. तू माझ्यासाठी खोटं बोललीस ते आता गावाला कळेल, त्याबद्दल तू काय म्हणशील कुणास ठाऊक. हे पत्र कुठं टाकायचं तेही ठाऊक न्हाई, फॉर्मच्या नकलेसोबत कपाटातच राहील.

आणि एक. 'लेकीनं'च्या पुढं, कुणी विचारलेलं नसताना, मी 'वय नऊ' असं लिहून आलेय. तेरावं सरलं होतं मला, माय. त्याच्या आदल्या साली आजीच्या दहाव्याला मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसले होते आणि ते गाणं अख्खं गायले होते. नाव कुठं येतं, ते मला ठाऊक होतं.