आईच्या नावाचा पट्टा

ऐन हमीद, केबिली
१८ नोव्हेंबर

प्रिय लझहर,

तुला, मोनियाला आणि दोन्ही पोरींना खूप आशीर्वाद. बश्शीर उद्या ल्योंला परत निघतोय, त्याच्याबरोबर खजुराची पेटी देते आहे. वरचा थर शेजाऱ्यांना वाट, खालचा घरात ठेव. हे पत्र त्याच पेटीत घालायला सांगितलंय. घरात फोन असताना या बहिणीला हे पत्र लिहायचं कुठून सुचलं म्हणून हसशील. खुशाल हस, पण शेवटपर्यंत वाच. फोनवर तू लगेच आवाज चढवतोस आणि मग माझं बोलणं राहून जातं.

यंदा फळ चांगलं धरलंय. शेडमध्ये खजूर निवडायचं काम दिवसभर चालतं. मी गेला आठवडाभर गेले नाही, बायका चौकशी करतात, मी कंबरेचं कारण सांगते.

आई बरी आहे. हाताचा चटका भरत आलाय. सकाळी बकरीला शिव्या देत अंगणभर फिरली, म्हणजे तूच समज.

आपल्या दवाखान्यात आता कुणी डॉक्टर येत नाही. त्यांच्या खुर्चीच्या जागी टीव्हीसारखा पडदा आलाय. सलवा नर्स तो लावून देते आणि राजधानीतले डॉक्टर त्यात दिसतात. माणूस गोड आहे, घाई करत नाही. उन्हाळ्यात एकदा त्यांनी आईला विचारलं, "कसं वाटतंय, हाज्जा?"

"अल्लाहची कृपा. उत्तम."

"छातीत धडधडतं का?"

"अल्लाहची कृपा, बाळा. तुझी आई बरी आहे ना? जेवतोस ना वेळेवर?"

डॉक्टर हसले आणि सलवाला म्हणाले, "तिकडच्या सगळ्या बायका उत्तमच असतात. मरायला टेकल्या तरी उत्तम. म्हणून मी आकड्यांवर जातो."

सलवा म्हणाली, "पण डॉक्टर, मी आत्ताच नाडी धरली. शांत लागली."

"तुम्ही मिनिटभर धरलीत. मनगटातला पट्टा रात्रंदिवस धरून आहे."

यात त्यांची काही चूक नाही, लझहर. आपल्याकडे दुखतंय असं कोण म्हणतं? फक्त त्या वेळी म्हातारी खरं सांगत होती.

आता सांगते. तू मागच्या वर्षी आईच्या मनगटावर तो पट्टा बांधलास, आणि तुझी गाडी पाण्याच्या टाकीपलीकडे वळली नाही तोच तिने काढला. नमाजाआधी हात धुताना अडतो, हे एक निमित्त. खरं कारण तिने मला चुलीपाशी सांगितलं. "आपण पोरं मोजत नाही, झाडं मोजत नाही. आणि हा माझे ठोके मोजणार? मोजायला लागलं की शेवटचाही कुणाला तरी दिसतो. तू घाल. लेकराचं मन राहील."

मी घातला. पडद्यासमोर बसायची वेळ आली की तेवढ्यापुरता तिच्या हातात, बाहेर पडलो की माझ्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिकडे तुला फोनवर हिरवा दिवा दिसत होता, इकडे आई निवांत होती. तू एकदा फोन करून विचारलंस ना, "लल्ला ताई, काल दुपारी आईला पळवलंस की काय? ठोके केवढे वाढलेत." मी पेट्या उचलत होते त्या दुपारी. फोन ठेवल्यावर आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग उन्हाळ्यात ते सुरू झालं. गच्चीवर चढताना माझ्या छातीत कोंबडी फडफडल्यासारखं व्हायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. उन्हाचं असेल म्हटलं. त्याच आठवड्यात पट्ट्याचे आकडे बघणाऱ्या केंद्रातून फोन आला. एक मुलगी फार अदबीने म्हणाली, "तुमच्या आईच्या हृदयाची चाल बिघडली आहे, काळजी घ्या." मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि बकरीला पाणी दाखवलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी घाबरले. हे आईचं आहे असं समजून ऐकणं सोपं जात होतं, माझं आहे असं स्वतःशीही म्हणवत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, तू पाठवल्यास. मी म्हटलं, "आई, या नको घेऊस." तर म्हणाली, "लझहरनं पाठवलेलं मी टाकून देऊ?" पट्टा नको, पण गोळ्या अगदी मनोभावे घ्यायची. तिच्या धडधाकट हृदयाला माझ्या दुखण्याच्या गोळ्या. दिवसेंदिवस मंद झाली, बसल्या जागी डुलक्या काढू लागली. आणि एका सकाळी भाकरीच्या भट्टीपाशी कोसळली. फोनवर मी तुला नुसता चटका सांगितला. ती पडली होती, लझहर. मी ओढली नसती तर तोंडावरच पडली असती. डॉक्टरांनी आकडे पाहिले, ते तसेच वेडेवाकडे, कारण ते माझे होते. त्यांनी गोळी दुप्पट केली.

त्या दिवशी मी सलवाकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. दुप्पट गोळ्या तिने काढून घेतल्या, डबीत ताकदीच्या गोळ्या भरून दिल्या. आईला पत्ता नाही. त्या गोळ्यांनीच बरी झाले म्हणते, आणि तुझं नाव घेते.

मग सलवाने माझं मनगट हातात घेतलं. किती तरी वेळ धरून बसली. सोडलं तेव्हा माझ्याकडे बघेना. तिला विचारलं, "काय गं?" तर टेबल पुसत म्हणाली, "आज पेट्या उचलू नकोस. उद्याही नको. भावाला आजच कळव. केंद्रात खातं त्याचं, नाव तुझ्या आईचं. बदल त्यालाच करता येतो."

तरी मी आठवडा घालवला. काल तू फोनवर आनंदाने सांगितलंस, राजधानीतल्या मोठ्या इस्पितळात खाट मिळाली, पुढच्या गुरुवारी आईच्या हृदयात नळी घालून बिघाड काढणार, तू बुधवारी येतोयस. आईने तोंडावर पदर घेतला आणि नुसती मान हलवली. लेकाचा शब्द मोडायचा नाही म्हणून ती त्या टेबलावरही जाऊन झोपेल. हे मला बघवणार नाही. म्हणून लिहिते आहे.

आईला कुठे नेऊ नकोस. तिला काहीही झालेलं नाही. पण ती खाटही रद्द करू नकोस. नाव बदल. तिथे सासिया लिही.

तुला राग येईल, तो येऊ दे. बुधवारी समोर बसून काय बोलायचं ते बोल, मी सगळं ऐकून घेईन. मला अजून जगायचंय, हे मला त्या दिवशी सलवाच्या पुढ्यात बसल्यावर कळलं.

पट्टा आत्ताही माझ्याच हातात आहे. तू बुधवारपर्यंत नेहमीसारखा बघत राहा, मला तेवढाच आधार. मात्र त्याआधी एखाद्या वेळी ठोक्यांची ती रेघ थांबलेली दिसली, तर आईला फोन लावू नकोस. ती फोन उचलेल आणि "मी उत्तम आहे, बाळा" म्हणेल. आधी सलवाला लाव, तिला घरी पाठव. आईजवळ कुणीतरी असू दे, मग तिला सांग.

तुझी,
सासिया