एक कमी वाटतंय

प्रिय ठमे,

तुझा भलामोठा मेसेज मी चष्मा लावून तीनदा वाचला. उत्तर फोनवरच दिलं असतं, पण फोनवर तू मला दर दोन वाक्यांनी तोडतेस आणि हे तोडून चालणार नाही. आज गुरुवार. वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर उद्या पहाटे तुझ्याकडेच निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. शनिवारी तुझ्या पाळणाघरात पालकांची सभा आहे, त्याआधी तुला ते मिळायलाच हवं. सभेत तू सगळ्यांसमोर सांगणार आहेस की ते पोर रस्त्यावर गेलं ते मदतनीस बाईंच्या निष्काळजीपणामुळे, आणि म्हणून त्यांना काढून टाकलंय. तसं करू नकोस. आधी हे शेवटपर्यंत वाच, मग माझ्यावर काय ओरडायचं ते ओरड.

तुझं पाळणाघर चांगलं आहे, हे पहिल्यांदा सांगून टाकते, नाहीतर म्हणशील म्हातारीला कौतुक नाही. मुलांच्या उंचीची बेसिनं, पडलं तरी न लागणारी जमीन, प्रत्येकाच्या टॉवेलवर वेगळं चित्र. आमच्या वेळी एवढं कुठलं! पण उद्घाटनाला येऊन तुझ्याकडे चार दिवस राहिले तेव्हा मी भिंती बघत नव्हते गं, मी तुझ्या मदतनीस बाई बघत होते. पोराचं नाक पुसायच्या आधी त्या खाली बसून त्याला सांगतात, की आता मी तुझं नाक पुसणार आहे. कोण कान धरून झोपतं, कुणाला पाठ थोपटलेली खपत नाही, हे त्यांना चौथ्या दिवशी पाठ होतं. मी सव्वीस वर्षं हे काम केलं, मला विचार. असं माणूस जाहिरात देऊन मिळत नाही.

तू लिहितेस की बागेतून आत येताना दारात तू स्वतः मोजलंस, पटावरची चौदाच्या चौदा मुलं होती. म्हणजे नंतर बाईंनी फाटक उघडं ठेवलं असणार. सहा मिनिटांनी पलीकडचा सायकलवाला पोराला कडेवर घेऊन आला, तेव्हा तुझ्या पायाखालची जमीन सरकली. सरकणारच. पण पुढे तू लिहिलंस, ‘वर तोंड करून मलाच म्हणते, ताई, मी तेव्हाच म्हणाले होते एक कमी वाटतंय म्हणून.’ ते वाक्य वाचलं आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्याच्याही खाली तू लिहिलंस, ‘तूही त्या मावशीला काढलंसच ना, म्हणून तर आपल्या पाळणाघराचं नाव झालं.’ ठमे, त्या मावशीबद्दल तुला जे माहीत आहे ते मी सांगितलेलं आहे. आणि मी खोटं सांगितलेलं आहे.

तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. आपल्याकडे अकरा मुलं होती, त्यांत सगळ्यांत लहान गुंडी, अडीच वर्षांची. दिसेल त्याच्या शर्टाची गुंडी फिरवत बसायची, म्हणून ते नाव. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मावशीची मोजायची एक पद्धत होती. प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा, नाव घ्यायचं, मग आकडा. मला त्याचा वैताग यायचा. मी दारात उभी राहून नजरेने मोजायची, झटपट. त्या दिवशी तुला खोकला होता म्हणून शाळेत पाठवलं नव्हतं, तू दिवसभर त्या पोरांतच होतीस. दुपारी सगळी मागच्या अंगणातून आत आली. मी मोजली. अकरा. मावशी दूध गरम करत होती, तिथूनच मान वर करून म्हणाली, ताई, एक कमी वाटतंय. मी म्हणाले, मला मोजता येतं, तू दुधाकडे बघ. अगदी अशाच शब्दांत.

तिने दुधाखालचा गॅस बंद केला आणि मला न विचारता मागे गेली. अंगणात पाण्याची टाकी होती, जमिनीत बांधलेली, वर फळी. फळी सरकली होती. गुंडी आत पाइपला धरून लोंबकळत होती, छातीपर्यंत पाण्यात, आवाजसुद्धा निघत नव्हता तिचा. मावशीने तिला उपसून काढली तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते. वाचली. हाताचं हाड मोडलं होतं, पण वाचली. अजून दोन मिनिटं मी माझ्या अकरावर अडून बसले असते आणि मावशीनेही माझं ऐकलं असतं, तर काय झालं असतं हे मी आजही पुरतं मनात आणू शकत नाही.

तासाभराने गुंडीचे आईवडील आले. वडिलांनी दारातूनच विचारलं, लक्ष कुणाचं होतं? माझ्या तोंडून निघालं, मागच्या दाराची जबाबदारी मावशीची होती. कागदावर खरंच होतं ते, तिच्या कामांत लिहिलेलं. ते म्हणाले, ही बाई इथे दिसता कामा नये. मी मान हलवली. मावशी माझ्याकडे बघत राहिली. एक शब्द बोलली असती तर मी तिथेच संपले असते, पण ती बोलली नाही. ते लोक गुंडीला डॉक्टरकडे घेऊन गेले. मावशीने ॲप्रन काढला, घडी घालून खिडकीत ठेवला आणि निघण्याआधी तिच्या सवयीने एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेली. नाव, आकडा. नाव, आकडा. गुंडी नव्हती, म्हणजे दहा व्हायला हवे होते. दहा झाले. मग तिने तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तुझं नाव घेतलं आणि म्हणाली, अकरा. तेव्हा मला कळलं मी कुणाला मोजलं होतं. तिने मुद्दाम केलं की सवयीने, ते मला आजवर समजलेलं नाही. पण मला कळलं होतं, ठमे, आणि तरीही मी तिला जाऊ दिलं. ती फाटकापर्यंत पोचायची होती. हाक मारली असती तर वळली असती.

आठ महिन्यांनी धीर करून तिच्या घरी गेले, तर दुसरेच लोक राहत होते. ती कुठे गेली ते कुणाला माहीत नव्हतं. आणि आपलं पाळणाघर पुढे एकोणीस वर्षं चाललं. कडक बाई आहे हो, चूक झाली की माणूस घरी पाठवते, असं लोक माझं कौतुक करायचे. मी मूग गिळून ऐकायचे. तूही ते ऐकत मोठी झालीस आणि तेच शिकलीस, याचा दोष तुला कसा देऊ?

आता माझ्या नातवाचं. तुझ्याकडचं ते पोर रस्त्यावर गेलं त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला होता. आजी, आज आमच्या शाळेला सुट्टी होती, मी आईच्या पाळणाघरात होतो, आणि रांगेत सगळ्यांत पुढे होतो! मी म्हटलं, शाब्बास. तेव्हा डोक्यात काही आलं नाही. काल तुझा मेसेज वाचताना आलं. चौदा मुलांच्या पटात तू चौदा मोजलीस, आणि तुझा पंधरावा रांगेत सगळ्यांत पुढे उभा होता. मग चौदावं कुठे होतं गं? तू दारात मोजत होतीस तेव्हाच ते पोर बाहेर होतं. बाईंनी ते ओळखलं, तुला सांगितलं, आणि तू काय म्हणालीस ते मला लिहून कळवायची गरज नाही.

चांगलं पाळणाघर कशाने होतं, असं तू सुरुवातीला मला विचारलं होतंस आणि मी जेवणाबद्दल, झोपेबद्दल, स्वच्छतेबद्दल काहीबाही सांगितलं होतं. ते सगळं हवंच. पण दूध तापवणाऱ्या बाईला तिथूनच मालकिणीला म्हणता आलं पाहिजे, की एक कमी वाटतंय. आणि मालकिणीने पुन्हा मोजलं पाहिजे. तुझ्याकडे तसं म्हणणारी बाई आहे. तिलाच तू परवा घालवायला निघालीस.

इतकी वर्षं गप्प राहिलीस, मग आताच का, असं विचारशील. कारण मावशीला हाक मारायची माझी वेळ गेली, तुझी अजून आहे. शनिवारी मी पहिल्या गाडीने येतेय. सभेत मागे त्या बुटक्या खुर्चीवर बसेन. पालकांना तू खरं सांगितलंस तर त्यांतले दोघे-तिघे आपली मुलं काढून घेतील, मला माहीत आहे. घेऊ देत. तू सांगितलंस तर मी निमूट चहा पिऊन परत जाईन. नाही सांगितलंस तर मी उठेन आणि माझं सांगेन, गुंडीपासून मावशीपर्यंत सगळं. लोक काय समजायचं ते समजतील. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल. पण मला ते करायला लावू नकोस, बाळा. शनिवारी मला घ्यायला स्टँडवर ये, आणि बाईंना बरोबर घेऊन ये. गाडी थांबली की मी उतरायच्या आधी खिडकीतून बघणार आहे, तू एकटी उभी आहेस की दोघी.

तुझीच,
तुझ्याआधी चुकलेली
आई