नोटीस बजावायची राहिली

चिरंजीव मुंगळ्यास,

अनेक आशीर्वाद. (तिशी ओलांडलेल्या माणसाला मुंगळा म्हणू नये, कळतं मला, पण मी कामाला निघालो की तू पायाला चिकटून बसायचास, ते काही डोक्यातून जात नाही.) माझी तब्येत गुडघे सोडून ठीक आहे. तुझी कशी आहे? मागच्या अकरा पत्रांतही हेच विचारलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणजे ठणठणीत असशील असं धरून चाललो आहे.

तर झालं असं, तुमच्या तिकडच्या सरकारने आमच्या मालावर जबर जकात बसवली. आमचं सरकार चिडलं आणि त्याने तिकडच्या इंटरनेटवाल्या कंपन्यांवर कर लावला. वड्याचं तेल वांग्यावर! यात भरडला कोण, तर तुझा बाप. चौतीस वर्षं कर-कचेरीच्या नोटिसा दारोदार पोचवतोय, निवृत्तीला उरलेत दोन महिने, आणि साहेबांनी हातात ठेवली ती नेमकी तू नोकरी करतोस त्या कंपनीच्या नावाची नोटीस.

पत्त्यावर गेलो. काचेची इमारत, चौथा मजला. आत एक टेबल, एक प्लॅस्टिकचं झाड आणि भिंतीवर बोलका पडदा. अख्खा देश जिच्या तालावर नाचतो, तिचं इथलं बिऱ्हाड एवढंच! पडद्याने काम विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, समजलं नाही. मी आवाज चढवला. त्याने आभार मानले. झाडावरची धूळ पुसणाऱ्या बाईंना कागद देऊ केला, तर त्यांनी हात मागे घेतले. "मी कंत्राटदाराची माणूस, मला कशाला गोवता?" आजवर लोक नोटीस बघून मागच्या दाराने पळाले, एकाने अंगावर कुत्रं सोडलं, एकाने तर मेल्याचं सोंग घेतलं (आणि मध्येच शिंकला). पण घ्यायला माणूसच नाही, हे पहिल्यांदाच पाहिलं.

घेणारा नसेल तर दोन पंचांसमोर नोटीस दाराला डकवायची, असा आमचा नियम. बाई आणि रखवालदार पंच झाले. मी खळ लावून कागद दाराच्या मधोमध डकवला, चारही कोपरे नीट दाबले, मागे सरकलो, आणि दार आपोआप उघडलं. अर्धी नोटीस डावीकडे, अर्धी उजवीकडे! रखवालदार पोट धरधरून हसला. मीही हसलो. मग जिन्यात येऊन बसलो आणि, खोटं कशाला सांगू, रडू आलं. असलं काही घडलं की घरी जाऊन तुझ्या आईला सांगायची सवय होती. आता घरी जाऊन कुलूप काढतो.

ती गेली त्या दिवशी फोनवर मी तुला म्हणालो, आता येऊन काय करणार, येऊच नकोस. रागाच्या भरात म्हणालो. तू जन्मात माझं कधी ऐकलं नाहीस. नेमकं तेवढंच ऐकलंस. त्याला आता तीन वर्षं होतील. चुकलं माझं, मुंगळ्या.

असो. फाटकी नोटीस बजावलेली धरत नाहीत. पण साहेब म्हणाले, कंपनीच्या कुठल्याही नोकराने सही केली तरी भागेल. म्हणून नवी प्रत या पत्रासोबत जोडली आहे. तळाला 'पोचली' असं लिही, सही कर आणि परत पाठव. चौतीस वर्षांत माझी एकही नोटीस बिनपोच राहिलेली नाही, शेवटी शेवटी बापाची लाज घालवू नकोस. जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझा,
बाबा

ता. क. वरचं काल लिहिलं. आज सकाळी कचेरीत गेलो तर कळलं, दोन्ही सरकारांचं गूळपीठ जमलं, त्यांनी जकात उतरवली, आम्ही कर मागे घेतला. साहेबांनी नोटीस फाडून टाकायला सांगितलं. मी हो म्हणालो, पण फाडली नाही. पाकिटात आहे.

आणखी एक. सही तरीही कर. नोटीस गेली खड्ड्यात, पण मागची अकरा पत्रं तुला पोचली की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आणि हे बारावं नेऊन डकवावं, तर तुझं दार मी पाहिलेलं नाही.