लांबचं जवळ आणणारी लेन्स

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. तुझी पाठ कशी आहे? जावईबापू स्वयंपाकाला लागलेत असं कळलं. त्यांना सांग, भात करपला तर पातेलं भिजत घालावं, खरवडत बसू नये. आणि तू पोटाखाली उशी घेऊन झोपत जा. आठव्या महिन्यात कूस बदलणं हासुद्धा एक उद्योगच असतो.

"बाळ झाल्यावर दोन महिने आमच्याकडेच राहा, आणि पहिले फोटो तूच काढायचेस," असं तू परवा फोनवर म्हणालीस. त्यावर मी म्हणाले, "बघू, कॅमेऱ्याचं जरा काम निघालंय." तू एकदम गप्प झालीस. तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्र. टाइप का केलंय, ते पुढे येईलच.

तर कॅमेऱ्याचं काम. माझी ती लांबलचक लेन्स आठवते ना, जिला तुझे बाबा 'तोफ' म्हणायचे? गच्चीत उभं राहून समोरच्या टाकीवरच्या पारव्याच्या पायांचा लाल रंग तिच्यातून टिपता यायचा. गेल्या वर्षी तिचे फोटो हललेले यायला लागले. मी लेन्स घेऊन आपल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "काकू, लेन्स ठणठणीत आहे." मला राग आला. म्हटलं, याचीच नजर गेलीय. तोफ विकून टाकली आणि छोटी, जवळचं टिपणारी लेन्स घेतली. बाबा म्हणाले, "पक्ष्यांनी काय घोडं मारलं तुझं?" मी म्हटलं, मला आता खिडक्या-दारं आवडायला लागलीत.

मग खिडक्याही हलायला लागल्या. तेव्हा जुना कॅमेरा जड पडतो असं म्हणून नवा हलका आणला. हात थोडा हलला तर आतल्या आत सावरून घेतो म्हणे. काही महिने त्यानं खरंच सावरलं, आणि मी आमच्या फोटोग्राफी मंडळात सगळ्यांना त्याचं कौतुक सांगत फिरले. पुढे तोही पुरेना. मी त्याच्याही नावानं बोटं मोडायला लागले, तर तुझे बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. चिडवण्यातलं खरं फार लागतं गं.

शेवटी सॉफ्टवेअर बदललं. हा नवा प्रकार भारी आहे. हललेला फोटो त्यात टाकला की ते स्वतःच्या डोक्यानं रेषा ओढून देतं. माझ्या एका पारव्याला त्यानं पापण्या काढल्या! मंडळाच्या बैठकीत तो पडद्यावर लागला तेव्हा अध्यक्षांनी चष्मा पुसून विचारलं, "वहिनी, ही जात कुठली?" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन बाबांचा एक फोटो त्यातच टाकला. भुवया अगदी तारेच्या घासणीसारख्या झाल्या. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा मी नव्हे. मला आपला तो हललेलाच दे." तो हललेला फोटो त्यांनी फोनवर लावून ठेवलाय.

बबडे, लांबचं जवळ आणणारी लेन्स हातातली थरथरही जवळ आणते. म्हणून ती तोफ सगळ्यात आधी खरं बोलली. माझे हात थरथरतात. आधी उजवा थरथरायचा, आता दोन्ही. हातानं लिहिलं असतं तर पहिल्या ओळीतच तुला कळलं असतं, आणि मला तुझ्या भाताच्या पातेल्यावर सुखानं दोन वाक्यंही लिहिता आली नसती.

घाबरू नकोस. यावेळी कॅमेऱ्याच्या नाही, माणसांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. जिवाला काही धोका नाही. गोळ्यांनी कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबांना सांगायचं कसं म्हणून दारातच घुटमळले, तर हे चहा गाळत होते. माझा कप नेहमीसारखा अर्धाच भरला. मला इतके दिवस वाटत होतं, हे दुधाची काटकसर करतायत! मी न सांगताच त्यांनी ओळखलं होतं. अर्धा अर्धा करून दोनदा चहा देत होते.

पण तुला सांगत नव्हते ते फोटोंमुळे नाही.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरची गाण्याची शिक्षिका जिन्यात भेटली. कडेवर बाळ, हातात दोन पिशव्या, आणि किल्ली सापडेना. "काकू, जरा धरता का याला?" म्हणून तिनं बाळ पुढे केलं. ते माझ्याकडे झेपावत होतं गं. मी मागे सरकले. म्हणाले, "नको, मला सर्दी झालीय." सर्दी कसली! दोन्ही हात पाठीमागे धरून मी तिथे चोरासारखी उभी होते. वर येऊन दार लावलं आणि खूप रडले. कॅमेरा पडला तर दुसरा आणता येतो.

तेव्हा आता सरळ विचारते. फोटोंची काळजी तू करू नकोस. ट्रायपॉड आणेन, त्यावर कॅमेरा हलत नाही. तेही नाही जमलं तर जावईबापू आहेत. पण तुझं बाळ मला घ्यायचंय. जमिनीवर भिंतीला टेकून, दोन्ही बाजूंना उशा लावून बसेन. तू त्याला माझ्या मांडीवर ठेव आणि शेजारीच बस. उभ्यानं घेणार नाही, आंघोळ घालते म्हणणार नाही. एवढं करूनही तुझा जीव धजला नाही, तर तसं मोकळेपणानं सांग. मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? पण आईच्या जिवाला काय होतं ते मला ठाऊक आहे. मी त्याला नुसतं बघेन, आणि तुला दोन घास करून घालेन.

काल बाबांना म्हटलं, "माझ्या अशा हातात बाळ भेदरलं तर?" ते म्हणाले, "अगं, लोक बाळाला झोपवायला मुद्दाम हलवतात. तुझ्याकडे ते आपोआप होईल." मी हसले, आणि हसता हसता त्यांच्याच खांद्याला डोळे पुसले.

त्यांना तिकीट काढायची घाई झालीय. मी म्हटलं, थांबा, आधी तिला विचारू दे.

जीव मुठीत धरून तुझ्या फोनची वाट पाहणारी,
तुझी आई